क्रीम म्हणजे कोणतं?

सकाळी सव्वाअकरा वाजता, दुकानाच्या मागच्या खोलीतल्या बेसिनवर, वहिनींच्या हातात केसांची एक बट आली. त्यांनी ती ओढली नव्हती. कंडिशनर लावायला मानेखाली बोटं घातली आणि बट बोटांबरोबर निघून आली, ओल्या कापसासारखी.

गुंतवळ असती तर वहिनी दचकल्या नसत्या. गुंतवळ रोजच निघते, तिच्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका असतो. या बटेला मूळच नव्हतं. टाळूपासून बोटभर अंतरावर ती तुटली होती आणि तुटलेलं टोक फुगलेलं होतं. वहिनींनी मूठ मिटली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, आग-बिग होतेय का कुठे?"

"नाही," बेसिनवर मान टेकून पडलेल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या. "का हो?"

गाण्याच्या बाई शाळेत गाणं शिकवायच्या. केस घट्ट कुरळे, स्प्रिंगसारखे. गेली कित्येक वर्षं त्या वहिनींकडेच यायच्या. मुळाशी नवे कुरळे उगवले की वहिनी त्यांच्यावर सरळ करायचं क्रीम लावायच्या आणि बाई खांद्यावर रुळणारे केस घेऊन घरी जायच्या. या सगळ्या वर्षांत त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. हे वहिनी अभिमानानं सांगायच्या, आणि सांगताना आपण कोटी करतोय हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

लपवण्यात अर्थ नव्हता. दुसरी बट आली, तिसरी आली. वहिनींनी सांगून टाकलं. बाई उठून बसल्या, मागे हात नेला आणि मानेवरचा पट्टा चाचपला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "किती गेले?"

"मागचे. कानांच्या मागचेही जातील असं दिसतंय."

"पुढचे?"

"पुढच्याला आज हात लावणार नाही."

बाईंनी पर्समधला रुमाल काढून डोक्याला बांधला आणि वहिनींकडे न बघता धाकटीकडे बघितलं. धाकटी टॉवेलांची चळत छातीशी धरून दारात उभी होती. तिनं नजर खाली केली. एवढंच झालं, पण वहिनींनी ते पाहिलं आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांच्या मनात पक्कं झालं.

धाकटी म्हणजे वहिनींची नणंद. तिनं दुकानात यायला लागल्यावर स्वतःचे केस सरळ करणं सोडून दिलं होतं. आता ते डोक्याभोवती मोकळे उभे असायचे आणि बघणारा आधी केस बघायचा, मग धाकटी. दुकानातली दुसरी खुर्ची तिची. तिथे कुरळे केस कुरळेच ठेवायचे, धुवायचे, ओलेपणीच बोटांनी बटा सोडवायच्या, क्रीम लावून वाळवायचे. पहिली खुर्ची वहिनींची, तिथे सरळ व्हायचे. एकाच आरशात दोन खुर्च्या दिसायच्या आणि गिऱ्हाइकं आपापली बाजू निवडायची.

आता वहिनींची खुर्ची रिकामी होणार होती. त्यांच्या हातांची कातडी सोलून निघत होती. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, हातमोज्यांचाही उपयोग होत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही महिने या औषधांना शिवायचं नाही. पुढच्या महिन्यापासून दुकान धाकटीच्या हाती द्यायचं ठरलं होतं. दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. म्हणून त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती दुकान देण्याआधीच. हे चुकून झालं, की कुणी केलं?

त्या सकाळी बाईंच्या मुळांना क्रीम वहिनींनीच लावलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांकडून फोन आला. त्या पुढच्या दारात जाऊन बोलल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "धाकटे, बघ जरा. टायमरची घंटी वाजली की धू." परत आल्या तेव्हा डोकं धुऊन झालेलं होतं.

गाण्याच्या बाई गेल्यावर वहिनींनी सगळ्यात आधी शाम्पूची बाटली उचलली. क्रीम धुवायचा शाम्पू वेगळा असतो. क्रीम केसात उरलं असेल तर फेस गुलाबी होतो, सगळं गेलं की पांढरा. बाटलीत साधा शाम्पू भरला असेल तर फेस पहिल्यापासून पांढरा, आणि धुणारा फसतो. वहिनींनी वाटीत क्रीमचा ठिपका टाकला, वर शाम्पू ओतला, बोटानं ढवळलं. फेस गुलाबी झाला. बाटली निर्दोष होती.

"काय करतेस?" मागून धाकटी म्हणाली.

"बघतेय."

"मला विचार ना. फेस पांढरा होईस्तोवर धुतलंय. घंटी वाजल्यावर लगेच."

"घंटी मला ऐकू आली नाही."

"तू दारात होतीस, फोनवर." धाकटीनं ड्रायरखाली बसलेल्या आजींकडे वळून विचारलं, "आजी, घंटी वाजली होती ना?"

आजी दर आठवड्याला यायच्या. केसात रोलर, डोक्यावर ड्रायरचं टोपडं, मांडीवर मासिक. त्यांनी टोपडं वर केलं. "काय म्हणालीस?"

"घंटी. मघाशी."

"मघापासून माझ्या कानात घंटाच वाजतायत गं बाई, त्यातली तुझी कोणती ते कसं सांगू?"

त्या पुन्हा टोपड्यात गेल्या. साक्षीदार असा निघाल्यावर धाकटीला हसू आलं. वहिनींना आलं नाही.

त्यांना महिन्याभरापूर्वीचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं आठवत होतं. नवऱ्यानं सहज विचारलं होतं, दुकान हातात आलं की पहिलं काय करशील? धाकटी म्हणाली होती, "पहिल्या खुर्चीवर मी बसेन आणि वहिनीची सगळी क्रीमं बेसिनमध्ये ओतेन." सगळे हसले होते. वहिनीसुद्धा. बाई धाकटीच्या बाजूला जाव्यात म्हणून कुणी त्यांचे केस जाळेल का? इतक्या टोकाला कुणी जातं का? आपल्याच घरातलं माणूस असा केसानं गळा कापेल? वहिनींनी स्वतःला आवरलं. त्यांना आरोप नको होता, पुरावा हवा होता.

त्यांनी गाण्याच्या बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज सपाट होता.

"बाई, राग साहजिक आहे. पण एक सांगा. मागच्या वेळेनंतर केसांना काही लावलं होतंत?"

"तुमच्या धाकटीनं हेच विचारलं होतं. वेळ घेताना, फोनवर. मी सांगितलं की क्रीम लावते."

"कोणतं क्रीम?"

"तुमचंच. धाकटीनं दिलेलं, छोट्या डबीतलं, पांढऱ्या झाकणाचं."

वहिनींनी शांतपणे विचारलं, "ते कसं लावायचात?"

"तिनं सांगितलं तसं. लावून धुवायचे."

"लावून धुवायचे?"

"हो. मुळांना लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग धुवायचं. मुळांजवळचे कुरळे जरा सैल व्हायचे. मला वाटलं, बरंय."

धाकटी जे क्रीम डब्यांत भरून द्यायची, ते धुण्याचं नव्हतं. ते न्हाऊन झाल्यावर लावून तसंच ठेवायचं. आणि ते लावून कुरळे सैल होत नाहीत.

कुरळे सैल करणारं क्रीम वेगळं. काही महिन्यांपूर्वी एक विक्रेता त्याचा नमुना ठेवून गेला होता. झाकण उघडलं की उकडलेल्या अंड्यासारखा वास. वहिनींनी तेव्हाच बजावलं होतं की हे दुकानात नको, कारण हे आणि आपलं क्रीम एका डोक्यावर कधीही येता कामा नये. दोन्ही वेगवेगळी औषधं आहेत. एकाच्या पाठोपाठ दुसरं आलं की केस आतून विरघळतो. "टाकून दे," त्या धाकटीला म्हणाल्या होत्या. धाकटी म्हणाली होती, "टाकलं."

वहिनींनी विचारलं, "बाई, वास कसला यायचा?"

"खोबऱ्याचा. म्हणजे आधी. धुताना दुसराच यायचा. पण तुमच्या दुकानात सगळ्यालाच वास येतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही."

"डबी आहे का?"

"शोधते. असेल."

फोन ठेवून त्या धाकटीकडे वळल्या. धाकटी दुसऱ्या खुर्चीवर बसली होती, खुर्ची हळूहळू डावी-उजवीकडे वळवत.

"वेळ घेताना बाई तुला म्हणाल्या, क्रीम लावते. तू पुढे काय विचारलंस?"

"काय विचारणार? मीच दिलेलं क्रीम. मला वाटलं, तेच."

"क्रीम म्हणजे कोणतं, हे विचारायचं नाही?"

"वहिनी," धाकटी सावकाश म्हणाली, "या दुकानात सगळ्यालाच क्रीम म्हणायचं हे कुणी ठरवलं? केमिकल म्हणायचं नाही, गिऱ्हाईक घाबरतं. हे मी नाही ठरवलं."

हे खरं होतं. नियम वहिनींचाच होता. सरळ करणारं तेही क्रीम, सैल करणारं तेही क्रीम, नुसतं मऊ ठेवणारं तेही क्रीम. वहिनींनी फेसाची वाटी विसळून ठेवली. मग म्हणाल्या, "आणि लावून धुवायचं?"

"मी म्हणाले होते, धुऊन लावा."

"बाई म्हणतायत, लावून धुवा."

"धुऊन लावा म्हणाले मी. आजी होत्या तेव्हा." धाकटीनं पुन्हा हाक मारली, "आजी, मी बाईंना डबी दिली तेव्हा काय म्हणाले होते?"

टोपडं वर झालं. "लाव-धू, धू-लाव, असंच काहीतरी चाललं होतं बाई. मला वाटलं, धुणं-भांड्याचं बोलताय."

यावर आजी स्वतःच हसल्या. कुणीही त्यांना साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी मासिकाचं पान उलटलं.

"त्या विक्रेत्याचं काय केलंस?" वहिनींनी विचारलं.

"विक्रेत्याचं काय करणार? गेला तो."

"त्याच्या नमुन्याचं."

"टाकलं म्हणाले ना तेव्हाच."

"आणि डबी? तीही टाकलीस, की धुऊन ठेवलीस?"

धाकटीची खुर्ची थांबली. रिकाम्या डब्या ती धुऊन ठेवायची, त्यात आपलं क्रीम भरायची. हे दोघींनाही माहीत होतं. विक्रेत्याची डबीही छोटीच होती. झाकणाचा रंग कोणता होता, हे वहिनींना आठवेना, आणि आठवत नाही याचाच त्यांना जास्त राग आला.

"तुला वाटतं मी मुद्दाम केलं," धाकटी म्हणाली.

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"पोलीसही असंच म्हणतात."

धाकटी उठली. फळीवरून पांढऱ्या झाकणाची एक डबी काढली. मग ट्रेमधली कात्री घेतली, कानामागची स्वतःचीच एक बट धरली आणि कापली. धाकटीनं बटेला दोरा बांधला, डबीतलं क्रीम तिला चोळलं, बराच वेळ तसंच ठेवलं, धुतलं. मग बट वहिनींच्या हातात दिली. "आता तुझं लाव. तुझ्या हातानं."

वहिनींनी हातमोजे चढवले. भेगांना झोंबलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. क्रीम लावलं, घंटी लावली, घंटी वाजल्यावर धुतलं. फेस गुलाबी, मग पांढरा. बट हातात सरळ झालेली होती. वहिनींनी ती दोन्ही टोकांना धरून ओढली. तुटली नाही.

"बघितलंस?" धाकटी म्हणाली.

"ही डबी फळीवरची आहे. बाईंकडची नाही."

"म्हणजे विश्वास नाही."

"मी डबीबद्दल बोलतेय."

"दोघींना माहितीये तू कशाबद्दल बोलतेयस."

त्यानंतर दुपारपर्यंत दोघी कामापुरतं बोलल्या. कंगवा दे. पाणी गरम आहे का. आजींचे रोलर काढ. आजी जाताना वहिनींच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जे काही असेल ते घरातच मिटवा हो. आमच्या डोक्यांवर काढू नका." त्यांनी विनोद केला होता की ताकीद दिली होती, हे वहिनींना ठरवता आलं नाही.

जेवणानंतर दुकानाच्या फोनवर बाईंचा निरोप आला. डबी सापडली होती, तळाशी थोडं क्रीम उरलं होतं. वहिनींनी तो निरोप वाचला तेव्हा तो आधीच कुणीतरी उघडलेला होता. त्यांनी मान वर केली. धाकटी आरसा पुसत होती.

"बाईंचा निरोप पाहिलास?"

"हो. सांगणारच होते."

"संध्याकाळी मी स्वतः जाऊन घेऊन येते."

"जा की," धाकटी म्हणाली आणि आरशाचा तोच कोपरा पुन्हा पुसायला लागली.

चारच्या सुमाराला वहिनी एका मुलीचे केस वाळवत होत्या. धाकटीनं ऍप्रन काढून खुंटीला अडकवला. "लॉन्ड्रीतून टॉवेल आणते," म्हणाली. लॉन्ड्री कोपऱ्यावरच होती. वहिनींनी मान हलवली.

मुलगी गेली. टॉवेल आले नाहीत. वहिनींनी दार उघडून कोपऱ्याकडे बघितलं. लॉन्ड्रीवाला काउंटरवर कोपर टेकून उभा होता. त्यानंच विचारलं, "वहिनी, टॉवेल न्यायला पाठवताय ना कुणाला? मला आज लवकर बंद करायचंय."

त्यांनी टॉवेल स्वतः उचलले. दुकानात परत आल्या तेव्हा फोन वाजत होता. गाण्याच्या बाई होत्या. आवाज सकाळपेक्षा नरम होता.

"तुम्ही येणार म्हणालात, पण आता तसदी नको. तुमची धाकटी मघाशीच येऊन डबी घेऊन गेली."

वहिनींनी टॉवेल खुर्चीवर ठेवले. "काय म्हणाली?"

"तुम्हीच पाठवलंय म्हणाली. आणि माफी मागितली. खूप वेळा. मलाच अवघडल्यासारखं झालं."

"कशाबद्दल मागितली?"

"ते नाही सांगितलं तिनं. मी समजले, केसांबद्दल."

"डबी देताना उघडून पाहिलीत? वास?"

"झाकण घट्ट बसलं होतं. म्हटलं, तुम्ही बघालच."

बाईंच्या घरापासून दुकान फार लांब नव्हतं. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हाही धाकटी आलेली नव्हती. वहिनींनी नवऱ्याला विचारलं. ती घरीही पोचली नव्हती. तिचा फोन लागत होता, पुरा वाजत होता, आणि कुणी उचलत नव्हतं.