बिनबुकाची जीप

सीताराम मेस्त्री गिरणीत फिटर होता आणि कागदाच्या बाबतीत महाचिकट. स्टोअरमधून साधा नटबोल्ट घेतला तरी कारकुनाकडून चिठ्ठी फाडून घेतल्याशिवाय तो जागचा हलत नसे. अशा माणसानं अख्खी जीपगाडी मालकीच्या नोंदीच्या बुकाशिवाय घ्यावी, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण घेतली खरी, आणि तीही एकट्यानं नव्हे. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर धामणवाडीकरांची खोली होती. पाळीपाळीनं झोपणारे बावीस जण, भिंतीला टांगलेल्या बावीस ट्रंका, आणि सीताराम त्या गावमंडळाचा चिटणीस. या बावीस जणांनी मिळून गावासाठी जीप घेतली होती.

गाव डोंगरात, डॉक्टर चार कोसांवर. आजारी माणसाला डोलीत घालून खाली उतरवायचं. कधी डोली डॉक्टरपर्यंत पोहोचे, कधी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरे. गेल्या शिमग्यात सीतारामची वहिनी, बाळंतपणात अडलेली, अशीच वाटेत गेली. डोलीला खांदा देणाऱ्यांत सीताराम होता. त्या दिवसापासून त्यानं खोलीतल्या कोणालाही धड जेवू दिलं नाही. गावाला गाडी, गावाला गाडी, एवढाच जप.

गाडी मिळाली दगडूकडून. दगडू गावचाच, चिंचपोकळीच्या एका गॅरेजात मेकॅनिक. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ती जीप त्यानं स्वतः उभी केली होती. चढाची, दगडाधोंड्यांची वाट तिला काहीच नव्हती. "बुक चार दिसांत देतंय," दगडू म्हणाला. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, मग गाडीही चार दिवसांनीच घेऊ. पण धामणवाडीत व्यवहार असे होत नसत. बैल घ्यायचा असो की जमिनीची वाटणी, गावच्या देवापुढे नारळ ठेवायचा, जाणत्यानं गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी होकार भरायचा, की झालं. त्यानंतर कागद मागणं म्हणजे देवाच्या मागे पोलीस लावणं. इथे मुंबईतही तीच रीत. खोलीतला सगळ्यात वयस्क भिवा हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आजपासून ही गाडी गावाची झाली. हेंका सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बावीस गळे एकदम ओरडले.

खानावळ चालवणाऱ्या सुंदराबाईनं दारातून तेवढं विचारलं, "आणि ता बुक खंय आसा?"

"देवापेक्षा बुक मोठा काय गे?" सीताराम तिच्यावर खेकसला. चिठ्ठीशिवाय बोल्ट न उचलणारा सीताराम! माणसाची अक्कल कधी चरायला जाईल, सांगता येत नाही.

चार दिवसांचे सतरा झाले. बुक आलं नाही, आणि मग दगडूही दिसेनासा झाला. तिकडे गावाहून पत्र आलं की बायाबापड्यांसकट सगळे कुदळी घेऊन पायवाट रुंद करताहेत, देवळापर्यंत रस्ता झालाय. पुढल्या रविवारी गाडी निघायची होती. तिचं सगळं दुखणंखुपणं सीतारामनं स्वतः काढलं होतं, एक ब्रेक सोडून. त्याला पाहिजे तो सुटा भाग बाजारात मिळत नव्हता.

तो रविवार यायच्या आधी एक रविवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. चाळीच्या तोंडाशी, जीप उभी होती तिथे, पोलीस आले. एक फौजदार, तीन शिपाई आणि एक ड्रायव्हर. छप्पन सालच्या जानेवारीतला गोळीबार होऊन महिनाही झाला नव्हता. मुंबई महाराष्ट्राची, म्हणून ओरडलेले गळे अजून बसलेलेच होते आणि किती घरांतली माणसं परत आली नव्हती. खाकी कपडे दिसले की गॅलऱ्या रिकाम्या होत. फौजदारानं हातातल्या चिठोऱ्यावरचा नंबर जीपच्या नंबराशी ताडून पाहिला.

"धामणवाडीकरांच्या खोलीचा चिटणीस कोण?"

सीताराम पुढे झाला.

"ही गाडी कोणाची?" फौजदाराचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटत होती. "नीट ऐकून उत्तर दे. गोळीबाराच्या दिवशी परळ नाक्यावर ही जीप आली होती. गोळ्या लागलेली चार माणसं आमच्यासमोरून उचलून घेऊन गेली. ती कोण, कुठे लपवली, ते आम्हाला पाहिजे. गाडी ज्याच्या नावावर आहे तो पारशी म्हातारा मागच्या वर्षीच वारलाय. तेव्हा आज जो म्हणेल गाडी माझी, त्या दिवसाचा ड्रायव्हरही तोच."

सीतारामची नजर जीपच्या मागच्या सीटवर गेली. नवंकोरं कॅनव्हास. जुनं कुजलं होतं म्हणून बदललं, असं दगडू म्हणाला होता. आता त्याला सगळं लख्ख दिसलं, जुन्या सीटवरचं रक्त आणि स्टिअरिंगवर दगडू. मेल्यानं फसवलं आपल्याला! नको झालेली गाडी गावच्या गळ्यात मारली, तीही देवासमोर! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. दोन शब्दांचं काम होतं. पण त्या दिवशी परळ नाक्यावर सीतारामही होता. पहिला बार झाला तेव्हा तो पळाला होता. शेजारी पडलेल्या माणसाकडे त्यानं वळूनही पाहिलं नव्हतं. त्या माणसाला कोणी उचललं असेल, याचा विचारसुद्धा त्यानं इतके दिवस टाळला होता.

"ठाऊक नाही साहेब," तो म्हणाला. "कोणीतरी लावून गेलाय."

मागे एकवीस जण उभे होते. भिवानं मात्र मान फिरवली.

"बरं," फौजदार म्हणाला. "मग चौकीवर जाईल."

पोलिसांच्या ड्रायव्हरनं दहा वेळा बटण दाबलं, इंजिन नुसतं खोकलं. सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद होता. काल संध्याकाळी तो सीतारामनंच बंद केला होता. ते त्याला माहीत, ड्रायव्हरला नाही. शेवटी फौजदारानं खोलीकरांकडे बोट केलं. "कोणाचीच नाही ना? मग ढकला सगळ्यांनी."

चौकी चिंचपोकळीच्या पुलापलीकडे होती. धामणवाडीकरांनी आपली गाडी आपल्याच खांद्यानं, परक्याची म्हणून, रेटायला सुरुवात केली. लालबागच्या रस्त्यावर लोक थांबून बघत होते. कोणाच्या तोंडून नेहमीसारखा 'हैया हो' निघाला नाही. पुलाचा चढ लागला तसे दम लागू लागले, आणि सीतारामच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली. या गाडीचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की पाय सरळ तळाला जातो. तो पटकन दोनदा मारावा लागतो, तेव्हा कुठे तिसऱ्यांदा धरतो. ड्रायव्हरला ते सांगणं म्हणजे गाडी आपली म्हणून कबुली देणं. पूल उतरताना तो आपोआप दोनदा मारेल, असं सीताराम स्वतःला बजावत राहिला.

माथा आला. गाडी हातातून सुटली.

खालून, भायखळ्याच्या भाजीबाजाराकडून, कोबीनं लादलेली हातगाडी चढत होती. पुढे दोघं जण दोऱ्या खांद्यावर घेऊन, माना खाली घालून ओढत होते. जीपनं वेग घेतला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आणि त्याच्या पाठीवरूनच सीतारामला कळलं की पाय तळाला गेला. ड्रायव्हर हबकून पाय तसाच दाबून बसला. ओढणाऱ्यांपैकी एकानं मान वर केली. दोरी खांद्यात अडकलेली, त्याला बाजूला होता येईना.

"दोनदा मार!" सीताराम गळा फाडून ओरडला आणि उतारावरून धावत सुटला. "पाय सोड, दोनदा मार! दोनदा!"

ड्रायव्हरनं पाय सोडला, मारला, पुन्हा मारला. जीप तिरकी होऊन कठड्याला घासली आणि हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. चार कोबी घरंगळले. ओढणारा तिथेच मटकन खाली बसला.

फौजदार पूल उतरून सावकाश आला. त्याला काही घाई नव्हती. "दोनदा मारायचा, हे तुला कसं माहीत?"

"गाडी आमची आहे, साहेब."

"म्हणजे त्या दिवशी तूच होतास."

"नाही साहेब. सतरा दिवसांपूर्वी घेतली आम्ही."

"कोणाकडून?"

सीतारामनं घरंगळलेला एक कोबी उचलून हातगाडीवर ठेवला. "नाव विचारलं नाही."

"गाडी विकत घेतलीस आणि नाव विचारलं नाहीस?"

"बुकसुद्धा विचारलं नाही, साहेब. देवापुढं नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि घेतली." हे बोलताना त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी कळलं की ही शरमच आता दगडूला वाचवू शकते. बुक न मागणारा खुळा नावही विचारणार नाही, हे कोणालाही पटेल. "खुळेपणा झाला साहेब. बावीस जणांचा."

फौजदार राजापूरकडचा असावा, कारण गाऱ्हाणं म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही. तो भिवाकडे वळला. "गाऱ्हाणं तुम्ही घातलंत, आजोबा? देवापुढं उभे राहणारी माणसं खोटं बोलत नाहीत. विकणाऱ्याचं नाव सांगा."

सत्तरी ओलांडलेला भिवा, ज्यानं शेजाऱ्याच्या बांधाच्या तंट्यात सख्ख्या भावाविरुद्ध खरी साक्ष दिली होती, तो आता काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भिवानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "नाव माका ठावक नाय, सायबानू," तो म्हणाला.

फौजदारानं हातातलं चिठोरं खिशात घातलं. मग सीतारामला म्हणाला, "चल, बस. तूच चालव."

सीतारामनं कॉक उघडला. गाडी एका दमात सुरू झाली. पुलापासून चौकीपर्यंत त्यानं ती हळूहळू, जितकी हळू चालवता येईल तितकी हळू चालवली. आत एका हवालदारानं पंचनामा लिहिला. मालकाच्या रकान्यापाशी तो थबकला. बुक नाही, म्हणून फौजदाराच्या सांगण्यावरून त्यानं लिहिलं, बेवारस. सीतारामनं खाली पंच म्हणून सही केली.

गाडी चौकीत सोडून तो बाहेर आला तेव्हा एकवीस जण फुटपाथवर उभेच होते. पुलाच्या माथ्यावर भिवा थांबला.

"सीताराम, आता गाऱ्हाण्यासाठी दुसरो कोण तरी बघ," तो साधेपणानं म्हणाला. "ह्या तोंडान आता ता चलाचा नाय."

सीतारामला वहिनी गेली तेव्हा रडू आलं नव्हतं. ते आता आलं, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. बाकीचे कठड्याला टेकून तो शांत होईपर्यंत थांबले आणि मग सगळे खोलीकडे चालू लागले. गावाला काय लिहायचं, हे वाटेत कोणीच कोणाला विचारलं नाही.