हिरामणने बदललेले तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंगाने पांढरी, चार दारांची, डिकी नावापुरती. उरणजवळच्या एका गावात, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधाला लागून हिरामणचे घर आहे. त्या घरापुढे मी उभी असते. उभी म्हणजे कायमचीच. माझ्या टपावर कोंबड्या बसतात आणि हॉर्न वाजवून त्यांना हाकलणेही मला जमत नाही. पण आपली गोष्ट सांगायला इंजिन लागत नाही, म्हणून सांगते.

कारखान्यातल्या जन्माबद्दल मी फार बोलणार नाही. तिथे सगळ्या सारख्याच दिसतात आणि सगळ्यांनाच वाटते की आपण फार लांब जाणार. माझी पहिली मालकीण अलिबागची एक शिक्षिका. ती मला तिसऱ्या गिअरच्या पुढे नेत नसे. सात वर्षांनी तिने मला हिरामणला विकले तेव्हा मला रागच आला. मिठागरात राबून तळवे भेगाळलेला हा माणूस, हा माझी काय पत्रास ठेवणार?

मी चुकले होते. पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोने, मैनाने, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नव्या सुनेवरून टाकतात तसा. पुढे मी या घराण्यासाठी काय काय वाहिले! एकवीरेला निघालेली सात माणसे, हळदीला निघालेले नवरदेवाचे मामा, सुक्या बोंबलांच्या पाट्या आणि मिठाच्या गोण्या. मिठाने माझा तळ खाल्ला. हिरामण दर दिवाळीच्या आधी माझ्याखाली आडवा होऊन गंजावर रंग फासायचा. मग मिठागर बंद झाले आणि हिरामण न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात पहारेकरी झाला. त्याचा मुलगा प्रज्योत ट्रेलर चालवू लागला. तो महिन्यातले वीस दिवस गुजरातच्या वाटेवर असतो.

नंतर मैनाच्या किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला पनवेलच्या रुग्णालयात न्यावे लागे. तिथे एका मशीनला जोडून चार तास तिचे रक्त धुतले जाई. तिची वेळ सकाळी सातची. वेळ चुकली की मशीन दुसऱ्या रुग्णाला मिळे आणि मैनाला पुढच्या वाराची वाट पाहावी लागे. म्हणून आम्ही तिघे पहाटेच निघायचो. हिरामणने तिची सीट मागे कलती करून दिली होती. परतताना ती दमून झोपायची, आणि मी खड्डे चुकवायची. म्हणजे चुकवायचा हिरामणच, पण श्रेय मी घेत असे.

घोळ माझ्या तेलावरून झाला. माझे इंजिन ऑइल काळे पडले होते. हिरामणने मला धर्माच्या गॅरेजात सोडले. धर्मा म्हणाला होता, दुपारपर्यंत देतो. त्याने मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिले, तेही तेल न बदलता, कारण फिल्टर आलाच नव्हता. तो दुसरा दिवस गुरुवार होता. मैनाचे मशीन चुकले. सोमवारपर्यंत तिचे तोंड सुजले, तिला आडवे होता येईना, आणि हिरामण तिच्या पाठीमागे उशा लावत चार रात्री बसून राहिला.

"आता गाडी कोनाच्या हातान देनार न्हाय," तो म्हणाला. "तेल मीच बदलीन."

"तुमाला येतंय व्हय?" मैनाने विचारले.

"न येवाला काय झायलं? मोबाइलमदी सगला दाखवतान."

मित्रांनो, एका रविवारी सकाळी त्याने माझी पुढची चाके सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवली. मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन थोडे गरम करून घेतले. मैना खुर्ची टाकून शेजारी बसली, तिच्या हातात मोबाइल. त्यात एक माणूस हिंदीत भराभर बोलत होता. हिरामणने खालचा नट सोडला आणि काळेभोर गरम तेल त्याच्या मनगटावरून घमेल्यात पडले. त्याने ओरडून हात झटकला, मग हसला. मैनाही हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना ऐकले. मला वाटले, हे दोघे असेच आठवड्याला माझे तेल बदलत बसले तरी चालेल.

फिल्टर काही केल्या निघेना. शेवटी त्याला जुना कमरेचा पट्टा गुंडाळून हिरामणने जोर लावला आणि तो सुटला. पण फिल्टरच्या तोंडाला असते ती रबराची चकती त्याच्याबरोबर आली नाही. ती माझ्याच अंगाला चिकटून राहिली. मोबाइलमधल्या माणसाने ती तपासून काढायला सांगितली होती, पण नेमका तेव्हा हिरामण मनगटावर पाणी ओतायला गेला होता आणि मैनाला हिंदी तितकेसे कळत नव्हते. तरी तिला चकती दिसली.

"अवो, यो रबर हितंच राह्यलाय. काढाचा न्हाय का?"

हिरामणने वाकून पाहिले. बोट फिरवले. आणि तो जे म्हणाला ते मी अजून विसरलेले नाही.

"राहूं दे गो. जुन्यावर नवा बसला का जास्त घट होतंय. बांधाला आमी काय करतो?"

तो खोटे बोलत नव्हता. मिठागरात खाडीचे पाणी आत घ्यायला बांधात फळीचे दार असते. ते गळू लागले की फळीच्या कडेचा जुना चिखल कोणी खरवडत नाही. त्याच्यावरच नवा थापतात. जुना बसलेला असतो, तो नव्याला धरून ठेवतो. हिरामणच्या बापाने त्याला हेच शिकवले होते आणि चाळीस वर्षांत त्याचे एकही दार फुटले नव्हते. पण माझ्या पोटातले तेल म्हणजे खाडीचे पाणी नव्हे. ते आतून जोराने ढकलते. तिथे दोन रबरे एकमेकांवरून घसरतात. मला हे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

त्याने नवा फिल्टर हाताने घट्ट बसवला. नवे तेल ओतले, पट्टी बुडवून दोनदा पाहिले. मला चालू करून पाच मिनिटे खाली वाकून बसला. एक थेंब पडला नाही! त्याने लगेच प्रज्योतला फोन लावला. "तेल बदाललाव! मी सोता!" फोन ठेवून त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली. इतका अभिमान वाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी मनात म्हणत होते, देवा, हे रबर टिकू दे.

सोमवारी पनवेलच्या वाटेवर जसई गाव मागे टाकेपर्यंत ते टिकले. मग एक ट्रेलर मागे टाकायला हिरामणने मला जोरात पळवले आणि वरचे रबर निसटले. मिनिटभरात माझे सगळे तेल रस्त्यावर सांडले. स्टीअरिंगमागे तेलाचा लाल दिवा लागला.

"अवो, तांबडा दिवा लागलाय."

"बगतंय मी."

त्याने घड्याळ पाहिले. मैनाकडे पाहिले. तिला धाप लागली होती. त्याला माहीत होते की थांबायला हवे. तो थांबला नाही. मीही नेटाने धावले, मित्रांनो, जमेल तितके. लोखंडावर लोखंड घासत होते. तीन किलोमीटर मी ओढले, आणि मग आतून एक मोठा आवाज आला व माझे सगळे जागच्या जागी आवळले गेले.

तासाभराने रिक्षा मिळाली. ते पोहोचले तेव्हा मशीनवर दुसरे कोणी होते. संध्याकाळी धर्माने मला दोर बांधून घरापुढे ओढत आणले. तो म्हणाला, "इंजिन जाम झालाय. इतक्या जुन्या गाडीला दुसरा इंजिन कोन टाकतो? भंगारात दे." त्याने फिल्टर काढून दोन्ही चकत्या हिरामणच्या तळहातावर ठेवल्या. हिरामणने त्या मुठीत घेतल्या. तो घरात गेला आणि मैनाला म्हणाला, "मी केला यो." ती म्हणाली, "गप रावा."

पुढचे दोन महिने त्यांनी खूप धडपड केली. पहाटे पनवेलला यायला रिक्षावाले कधी हो म्हणत, कधी फोन उचलत नसत. एसटीच्या पायऱ्या मैनाला चढवेनात. प्रज्योत घरी असला की मित्राची गाडी आणायचा, पण तो घरी असायचा किती? वार चुकत गेले. तिचे हृदय थकले. एका सोमवारी तिने दाराची चौकट धरली आणि म्हणाली, "मना आता नका नेव." त्यानंतर तिने कोणाचे ऐकले नाही.

मित्रांनो, आपल्या हाताने काम करायला जरूर शिका, त्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्या वेळी एखाद्या जाणत्याला शेजारी उभे करा. आपल्या गाडीला जपा. आणि तेलाचा लाल दिवा लागला की थांबा. हे मी सांगते खरे, पण तुमच्या शेजारी मैना बसलेली असती तर तुम्ही थांबला असता का, हे मला ठाऊक नाही.

मैनाला आता घरात कुठेच नीट बसता येत नाही. माझ्या त्या कलत्या सीटवर तेवढा तिला श्वास घेता येतो. म्हणून हिरामण तिला रोज पहाटे उचलून माझ्यात आणून बसवतो आणि स्वतः स्टीअरिंगपाशी बसतो. रक्त धुतले जात नसल्यामुळे तिला हल्ली भ्रम होतो. ती डोळे मिटून असते आणि मध्येच विचारते, "अवो, पनवेल आला का?"

"आला गो," हिरामण म्हणतो. "यो काय, आलाच."

मग तो क्लच दाबतो आणि गिअर बदलतो.