खात्री नसलेले प्रश्न

पहिल्या खेपेला लॉ सीईटीत मला दीडशेपैकी एकाहत्तर मार्क पडले. क्लास लावायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या खेपेला घरीच अभ्यास करायचा ठरवला आणि त्याचं नियोजन एक्सेलमध्ये केलं. आयटीत उभं तारुण्य घालवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? झालेला अभ्यास हिरव्या रंगात, राहिलेला लाल. महिन्याभरात सगळी शीट लालभडक झाली, कारण हिंजवडीहून वारज्याला पोचेपर्यंत माझ्यात चहा टाकण्याइतकंही त्राण उरत नसे. अभ्यास झाला नाही की मी नियोजन सुधारायचे. नियोजन फारच सुरेख झालं होतं.

वकिलीचं खूळ डोक्यात शिरलं ते द्वारकामुळे. ती ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. एका दुपारी एचआरने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि ती बाहेर आली ती राजीनामा लिहून देऊनच. असा लिहून घेता येतो का, हे आमच्या अख्ख्या मजल्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअर तपासायचं आमचं काम हळूहळू मशीनकडे चाललं होतं. पुढचा नंबर माझा असणार याची मला भीती वाटत होती. नोकरी सांभाळून शिकायचं तर सकाळी वर्ग भरणारं कॉलेज हवं, आणि तिथे शंभराच्या खाली कुणी दारात उभं करत नव्हतं.

माझे वडील, अप्पा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं तर ते "कर की" म्हणाले आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत राहिले. आमच्याकडे वकिलीचं नाव काढलं की अपेक्षा थेट तिथूनच सुरू होतात. एकाहत्तर मार्कांच्या बाईने करावं काय?

एका रविवारी मी लॅपटॉपवर सराव पेपर सोडवत होते. माझा नवरा समाधान शाळेत शिकवतो. तो शेजारी बसून सहावीचे पेपर तपासत होता. मध्येच त्याने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"हे मधले का सोडलेस?"

"खात्री नाही."

"चुकलं तर मार्क कापतात?"

"नाही."

"मग?"

टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं मी एकच गोष्ट शिकले होते. स्वतः तपासल्याशिवाय कशालाही पास म्हणायचं नाही. मॅनेजर डोक्यावर उभा राहिला तरी नाही. ते हाडांत इतकं मुरलं होतं की अंदाजाने क्लिक करायला बोट वळतच नव्हतं.

"माझी पोरं बघ," समाधान म्हणाला. "नदीचं नाव विचारलं तर आत्याचं लिहितील, पण कोरं सोडणार नाहीत."

मी मागचे सगळे सराव पेपर काढून बघितले. प्रत्येकात तीसेक प्रश्न कोरे. मला रडूच आलं. मरमर करून जे थोडंफार पाठ केलं ते एकीकडे आणि हा मूर्खपणा एकीकडे.

एक्सेल बंद केलं. नवं नियोजन दोन ओळींचं होतं. येतंय ते सोडवायचं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरलेल्यांवर बिनधास्त काहीतरी ठोकायचं. दर रविवारी त्याचा सराव केला. मार्क शंभरी ओलांडायला लागले. समाधान म्हणाला, आता बाई सहावीत गेली.

परीक्षेत शेवटची दहा मिनिटं आली तेव्हा पंचवीसेक प्रश्न उरले होते. आणि मी काय केलं? आधी सोडवलेला एक प्रश्न पुन्हा तपासायला घेतला. उत्तर बरोबरच होतं. मग पुढचा घेतला. तोही बरोबर होता. घड्याळाकडे लक्ष गेलं तोवर अर्धं मिनिट उरलं होतं. पाच-सहा ठिकाणी क्लिक केलं आणि स्क्रीन बंद झाली. घरी समाधानला माझं तोंड बघूनच कळलं असणार.

शहाण्णव पडले. सकाळचं कॉलेज हुकलं. जागा मिळाली ती दिवसभर वर्ग भरणाऱ्या कॉलेजात. ती घ्यायची तर नोकरी सोडायची, आणि नाकारायची तर आणखी एक वर्ष हेच सगळं. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"तुझ्या पगारात भागेल?" मी विचारलं.

"माहीत नाही," समाधान म्हणाला. "कधी भागवून बघितलं नाही."

हो म्हणाला असता तर बरं वाटलं असतं, पण मग मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. मी लॅपटॉप उघडला. तीन वर्षं झेपेल का, घर चालेल का, या वयात कोण मला वकील म्हणून उभं करेल. यातलं एकही आधी तपासून बघायची सोय नव्हती. मी जागा स्वीकारली आणि समाधानला म्हटलं, चहा टाक, फार दमलेय.

उद्या ऑफिसात जाऊन मला राजीनामा लिहायचा होता. तो मला कुणी लिहायला सांगितला नव्हता.