झाकणाखालचं पाणी

मी एक जुना रांजण आहे. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून माणसांची बोलणी ऐकली की तसं होतं.

मून नदीच्या काठच्या मातीतून मला घडवलं, भट्टीत भाजलं आणि इसान या भातशेतीच्या मुलखातल्या एका खेड्यात वान्दीच्या दाराशी आणून ठेवलं. पन्हळीतून येणारं पावसाचं पाणी मी पोटात साठवायचो. शेतावरून येणारी माणसं नारळाच्या करवंटीने ते प्यायची आणि गोड आहे म्हणायची. पुढे घरात नळ आला. माझं लाकडी झाकण मोडलं, त्या जागी पत्र्याचा तुकडा आला आणि माझ्याकडे कोणी बघेनासं झालं.

रांजण उपसून घासून टाका, असं वान्दी नवऱ्याला, दाम्रोंगला, सांगत असे. तो कधी नाही म्हणाला नाही. उद्या बघतो, म्हणायचा. मग सोंगक्रानच्या सणाला. मग लावणी उरकली की. तो आळशी नव्हता, बरं का. दिवसभर चिखलात राबायचा. पण काम एवढंसं, केव्हाही होईल, असं वाटायचं, म्हणून ते कधीच होत नव्हतं. माझ्या पोटात मात्र काहीतरी वळवळू लागलं होतं. आरोग्यसेविका घरोघरचं पाणी बघत आली, तेव्हा परवाच घासला म्हणून त्याने तिला अंगणातूनच वाटेला लावलं.

त्या पावसाळ्यात त्यांची लेक युपिन तापाने फणफणली. तालुक्याच्या इस्पितळात डेंग्यू निघाला. डास कुणाच्या घरचे, यावर गावात कुजबुज सुरू झाली. दाम्रोंगने शेजारच्या चालेर्मकाकांकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याच्या कुंपणाशी जुने टायर मांडलेले होते. तेच पोरीच्या जिवावर उठले, असं तो बाजारभर सांगत सुटला. लोक काकांची केळी घेईनात.

युपिनचे कपडे न्यायला वान्दी घरी आली, ती आधी भांडायलाच कुंपणाकडे गेली. पण तिथून गुपचूप परतली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पत्रा उचलला, वाकून बघितलं. मग वाडग्यात पाणी घेऊन तिने ते नवऱ्यापुढे धरलं.

"काय आहे हे?"

दाम्रोंगने बघितलं. "अळ्या."

"काकांच्या टायरांत माती भरलीय. गवती चहा लावलाय त्यांनी. तुम्ही एकदा तरी वाकून बघितलं होतं?"

"घासतो मी. काकांशीपण बोलतो. उद्या सकाळी..."

"तुमचा उद्या तिकडे खाटेवर पडलाय," वान्दी हळूच म्हणाली.

दाम्रोंगने वाडगा तिच्या हातातून घेतला आणि तसाच कुंपण ओलांडून गेला. तिकडे काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दोघेही आले. दाम्रोंग अजून काहीतरी पुटपुटत होता. काका म्हणाले, "पुरे आता. त्या बाजूने धर."

दोघांनी मिळून मला आडवं केलं. हिरवं पाणी तापल्या जमिनीवर पसरलं. नारळाच्या शेंडीने त्यांनी मला आतून खरवडून काढलं. हात धुवून दाम्रोंग बाजारात गेला आणि टायरांचं खोटं होतं, असं आपल्याच तोंडाने सांगून आला.

युपिन वाळून काडी झाली होती, पण घरी आली. आता दर आठवड्याला तिचा बाप मला घासतो. घासायचं आठवलं की विचार करत बसत नाही, आधी उठतो. तरी त्याच्यावर माझा पुरता विश्वास बसलेला नाही. तो जांभई देऊ लागला की मी कान टवकारतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं एवढंसं काम पडून असेल. वरून झाकलं म्हणून आत काही वाढत नाही, असं समजू नका. उद्या करू, असं तोंडून निघालं, तर त्या शब्दाचा संशय घ्या. शेजाऱ्याकडे बघण्याआधी आपल्या दारातलं भांडं उघडून बघा. आणि हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच उठा.