सीताबाईच्या अंगणातली रास

देवकाबाईच्या डोळ्यांत सीताबाईचं अंगण सलत होतं. सीताबाई तिची धाकटी जाऊ, एका भिंतीपलीकडे राहणारी. गावानं तिला आरोग्यसेविका निवडलं, तेव्हापासून डॉक्टरांची जीप तिच्या दारात थांबे आणि दवाखान्याच्या योजनेची ज्वारीही तिच्याच अंगणात मोजली जाई.

वडनेरजवळच्या त्या गावात ही योजना पैशांवर नाही, ज्वारीवर चाले. सुगी झाली की प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. मग वर्षभर दवाखान्याचा निम्मा खर्च माफ, अडलेल्या बाळंतपणाचा तर सगळाच. अट एकच. चारातली तीन घरं सामील व्हायला हवीत, नाहीतर अख्खं गाव बाहेर.

"चहा कोरा पाजते डॉक्टरले," देवकाबाई सुनेला, वर्षालीला, सांगे. "अन् आपल्या घरी म्हैस हाय!"

वर्षालीला सातवा महिना होता. रक्तदाब वाढलाय, बाळंतपण दवाखान्यातच करायचं, हे सीताबाईनं सांगितलं होतं. आपल्या सुनेचं दुखणं आपल्याआधी हिला कळावं, हेही देवकाबाईला लागलं.

त्या वर्षी तिनं ज्वारी पाठवली नाही. वर गल्लीत म्हणाली, "त्या ज्वारीच्या भाकरी कोण खाऊन राह्यलं, पाहा जरा." लोकांनी पायल्या घरातच ठेवल्या. रास गुडघ्याच्या वर जाईना.

जीप येण्याच्या आदल्या दिवशी सीताबाई आली.

"बाई, ज्वारी काऊन नाई धाडली?"

"तुले काय कमी हाय? दारात जीप, अंगणात रास."

"गल्ली तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यली. घरं कमी पडली तं गाव बाहेर जाते. वर्षालीचे पाय पाह्यले का आज?"

वर्षाली उंबऱ्यात बसली होती. ती अंगठ्यानं घोटा दाबत होती. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहत होता. देवकाबाईनं तो पाहिला. तरी तोंडून निघालं ते भलतंच.

"मोजाची तं माझ्या अंगणात मोजा."

सीताबाई हसली. "एवढंच व्हतं? मंग आधी सांगाचं नाई का वं बाई!"

सकाळी पोती भिंतीच्या अलीकडे आली. देवकाबाईनं अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि गल्लीत स्वतः हाका मारल्या, "आणा रे, माझ्या दारात आणा." घरं आली. रास कमरेला लागली. दाट दुधाचा चहा उकळून फुलाफुलांच्या कपांत ओतला, आणि जीप खरंच तिच्या दारात थांबली. तिला वाटलं, एवढ्या वर्षांनी आज आपलं दार गावाला दिसलं.

डॉक्टरांनी रास पाहिली, मान डोलावली. कप हातात घेतला आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "सीताबाई कुठं आहेत? सूज आलेली सून दाखवणार होत्या."

आजचा मान थोरल्या जावेचा, म्हणून सीताबाई मुद्दामच आली नव्हती. देवकाबाई किटली घेऊन उभी राहिली. ट्रेमधल्या उरलेल्या कपावर साय धरू लागली होती. वर्षालीनं पदराखाली पाय ओढून घेतले.

देवकाबाईनं किटली खाली ठेवली आणि भिंतीपाशी गेली.

"सीते! ये वं, तुले इचारून राह्यले."

पलीकडून बांगड्या वाजल्या. देवकाबाई वळली, पुन्हा थांबली.

"अन् चहा इथंच घेजो. तुया कोऱ्या चहापरीस बरा हाय."