बायजीच्या खड्ड्यातला गाळ

हाल्यानं सकाळी सारवलेलं खळं दुपारपर्यंत चिखल झालं होतं. वरच्या घराच्या न्हाणीचं पाणी काट्यांच्या कुंपणाखालून उतरलं आणि भाताच्या भाऱ्यांखाली जाऊन बसलं. हाल्यानं वरचा भारा उचलला. खालचे सगळे भिजलेले. त्यानं भारा तसाच आपटला आणि कुंपणाशी जाऊन ओरडला,

"वयनी, भाईर ये! तुज्या घरात आज काय शिजलं ते माज्या खळ्यात दिसतंय."

बायजी दारात आली. हाल्याच्या मेलेल्या चुलत भावाची ती बायको. "बोंबील शिजलेत. जेवाय ये."

"जेवलो. बोंबलाचं डोकं भातात सापडलं."

हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर आमचा पाडा. एकाच्या ओट्याखाली दुसऱ्याचं छप्पर. पूर्वी बाया खालच्या विहिरीवर धुणं धूत, तिथंच अंघोळ करत, आणि घाण तिथंच जिरत असे. मागच्या वर्षी नळ आला. पाणी दारात आलं, तसं खरकटं पाणीही दारात आलं. गटार पुढच्या टप्प्यात होईल, असं सांगून ठेकेदार गेला तो गेलाच.

"नळ माज्या अंगनातून येतो," हाल्या म्हणाला. "चांगलं पानी तू वर न्यायचं आन घान मला खाली पाठवायची? उद्या पाइप उपटून टाकतो का नाय बघ."

"उपट. आन तुजा भाऊ वरून बघंल."

"बघू दे. त्यालाबी बोंबलाचा वास येत असंल."

बायजीचे गुडघे गेलेले. मुलगा बारक्या हा मच्छीच्या बोटीवर, महिना महिना घरी नाही. नळ तुटला तर सून सुषमानं विहिरीचा चढ चढायचा, मग चिकूच्या वाडीतली तिची मजुरी बुडायची. हाल्यालाही चैन नव्हती. दोन पोरं, बायको बुधी, आणि बायजीच्या खाचराला लागून खाली भाताचं एकच खाचर. त्या भातावर होळीपर्यंत घर चालायचं, म्हणून दिवाळीनंतर भात झोडूनच तो वीटभट्टीला जायचा.

उपाय सुषमानं आणला. बोर्डीला ती ज्या वाडीत चिकू वेचायला जायची, तिथं मजुरांच्या मोरीचं पाणी एका खड्ड्यात सोडलेलं होतं. वर जलपर्णी तरंगत होती. एका तोंडानं पाणी काळं यायचं आणि दुसऱ्या तोंडानं नितळ होऊन झाडांना जायचं. वाडीचा गुजराती राखणदार अमृत म्हणाला, "मुळ्या घाण ओढून घेतात बेन. घेऊन जा. पण वाढली की काढत राहा. काढलेली ओढ्यात टाकू नका, नाहीतर ओढा बुजेल. फूल धरायच्या आत काढा."

सुषमानं टोपलीतून मूठभर रोपं आणली. सासू-सुनेनं कुंपणाच्या अलीकडे खड्डा खणला, बुडाशी चिकणमाती चोपली, न्हाणीचं पाणी त्यात वळवलं. पंधरवड्यात पाण्याचा वास गेला. महिन्यानं खड्डा दिसेनासा झाला, नुसती हिरवी गादी. पलीकडून पाझरणाऱ्या पाण्यावर बायजीनं मिरच्या आणि वांगी लावली. हाल्याचं अंगण कोरडं झालं. तो पाइपाचं बोलेनासा झाला. उन्हाळ्यात भट्टीवरून परतल्यावर एके दिवशी कुंपणावरून वाकून म्हणाला,

"वयनी, तुजी वांगी माज्या बुधीपेक्षा गोल दिसतात."

"ऐकलं मी!" बुधी आतून ओरडली. "वांगंच जेव आज."

जलपर्णीला जांभळे तुरे आले. सुषमा ते केसात माळायची, आणि तुरे सुकल्यावर झाड उपटायची. अमृतनं आधी काढायला सांगितलं होतं, पण इतकं देखणं फूल उमलायच्या आत उपटायला तिचा हात होईना. उपटलेलं एकही झाड तिनं ओढ्यात टाकलं नाही. सगळं उन्हात कडकडीत वाळवलं आणि राबासाठी राखलं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजावी लागते, तोच राब. शेण, त्यावर फांद्या, पाला, गवत, आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. माती वर असली की आग भडकत नाही, आत आत धुमसत जाते, वरची माती नुसती तापते. बारीक माती उन्हाळ्यात सहज मिळत नाही. बायजीनं खड्डा उपसला होता. तो गाळ वाळून काळा भुगा झाला होता.

"ह्याच्यासारकी माती साऱ्या पाड्यात नाय," ती म्हणाली. आपल्या राबावर तिनं तो पसरला. उरलेल्या दोन पाट्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन हाल्याच्या राबावर नेल्या.

"भांडन मिटलं?" हाल्यानं विचारलं.

"तुज्या खळ्यात माजी घान आली, आता राबावर सोनं घे."

राब छान भाजले. पावसावर रोपं तरारली. त्यांच्यात बारीक, लांबट पानांचं काहीतरी उगवलं होतं. पण रोपात तण असतंच. लावणीला रोपांच्या जुड्या बांधल्या, त्यांच्याबरोबर तेही दोन्ही खाचरांत गेलं.

श्रावण लागला तेव्हा बायजीच्या खाचरात भाताच्या ओळींमधून फुगीर देठांची पानं तरंगू लागली. सुषमानं एक उचलून पाहिलं आणि ती बांधावरच बसली. मग पळत राबाच्या जागेवर गेली. उरलेल्या रोपांच्या कोपऱ्यात, पाण्याच्या थारोळ्यात, तीच पानं होती. हाल्याच्या राबावर तीच. शेजारच्या हिरूच्या राबावर गाळ नव्हता, तिथं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अमृतला गाठलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "फुलाचं बी गाळात बसतं बेन. वर्षं वर्षं जगतं. म्हणून तर आधी काढायला सांगितलं."

"गाळाचं नाय सांगितलंस."

"गाळ कोणी राबावर टाकेल, हे मला काय ठाऊक?"

मग दोन्ही घरची चौघं पाण्यात उतरली. वाकून उपटायचं, बांधावर फेकायचं. पण देठ तुटायचा, तुटलेला तुकडा वाहत जाऊन दुसरीकडे झाड व्हायचा. बायजीच्या खाचराचं पाणी बांधाला पाडलेल्या मोडीतून हाल्याच्या खाचरात उतरतं, त्याबरोबर तेही उतरत होतं. हाल्यानं मोड बंद केली तर वर बायजीचं भात बुडालं. उघडली तर खाली त्याचं झाकलं गेलं. एक मोड दोघांमध्ये, आणि कशीही ठेवली तरी नुकसान. भाद्रपदात दोन्ही खाचरं बायजीच्या खड्ड्यासारखी दिसू लागली. पानांखाली भात पिवळं पडून कुजलं. वर सगळीकडे जांभळे तुरे.

बायजी उपटत राहिली. सुषमा म्हणाली, "आई, घरी चल. काय उरलंय आता?"

"माज्या हातानं गाळ नेलाय मी त्याच्या राबावर."

हाल्या भांडला असता तर बरं झालं असतं. दिवाळीच्या आधीच वीटभट्टीचा टेम्पो आला. बुधीनं भांडी चढवली, पोरं चढली. हाल्यानं दाराला दोरी बांधली आणि कुंपणाशी आला.

"तुजं खरकटं पानी बरं व्हतं वयनी," तो हळू म्हणाला. "वास मारायचं, पन उन्हानं सुकायचं."

"पाइप तोड," बायजी म्हणाली. "मी काय बोलनार नाय."

"तोडून काय करू आता?"

टेम्पो उतारावरून गेला. नळाला पाणी आलं होतं. सुषमानं भांडी घासली, पाणी खड्ड्यात गेलं आणि पलीकडून नितळ होऊन मिरच्यांना लागलं. एक थेंबही कुंपणाखाली गेला नाही.

त्या वर्षी हाल्याचं खळं होळीपर्यंत कोरडं राहिलं. त्यावर टाकायला दोन्ही घरांत एक भारा नव्हता.