सुर्जीपुरते पेट्रोल

मोटार म्हणजे देह, इंजिन म्हणजे हृदय आणि पेट्रोल म्हणजे साक्षात प्राण होय. प्राण काढण्याचे काम मालकानेच करावे, परक्याच्या हाती देऊ नये, असे महादेवरावांनी अमरावतीच्या मोटारस्टँडमागच्या पटांगणात जाहीर केले. मग त्यांनी रबरी नळीचे एक टोक टाकीत सोडले, दुसरे तोंडात धरले आणि जोराने ओढले. प्राण थेट त्यांच्या घशात गेला.

सहदेव मिस्त्रीने नळी त्यांच्या हातातून घेऊन खालच्या पिंपात सोडली आणि महादेवरावांचे थुंकणे संपेपर्यंत सभ्यपणे चिंचेच्या झाडाकडे पाहिले.

पेट्रोल पिंपात पडू लागले.  लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागले होते, आणि पुढे चिठ्ठीही मिळेनाशी झाली. महादेवरावांची अमरावती ते अंजनगाव ही उतारू नेणारी सर्व्हिस मोटार आठ महिने याच चिंचेखाली उभी होती. कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनवाल्याने इंजिनासाठी ती घेतली होती. त्याला टाकी नको होती, आणि टाकीतले पेट्रोल तर मुळीच नको होते, कारण बिनचिठ्ठीचे पेट्रोल सापडले की साहेबलोक प्रश्न विचारतात. सोमवारी त्याची माणसे बैल घेऊन येणार होती. त्याआधी टाकी रिकामी करून उतरवून ठेवायची, एवढेच काम होते.

महादेवरावांनी सवयीने तुराटीची काडी टाकीत बुडवून पाहिली. या मोटारीला काटा नव्हता, काडीच होती. गॅलनांवर त्यांचा विश्वास नव्हता. काडीवर चाकूने चार खाचा पाडलेल्या होत्या, आणि प्रत्येक खाच म्हणजे एक गाव होते: वलगाव, खोलापूर, दर्यापूर, अंजनगाव. काडी कुठवर ओली आहे ते पाहायचे, की मोटार कुठवर जाईल ते कळते. सकाळी काडी खोलापूरपर्यंत ओली झाली होती. आता ती कोरडी निघाली.

"झालं," महादेवराव म्हणाले. "वलगावबी संपलं."

काडीवर सुर्जीची खाच नव्हती. अंजनगाव आणि सुर्जी यांच्यामध्ये शहानूर नदी आहे. नदीच्या या काठाला मोटारस्टँड, त्या काठाला सुर्जी, आणि सुर्जीत काठावरचे तिसरे घर महादेवरावांच्या मेहुण्याचे. त्या घरात तेरा वर्षांपासून त्यांची बायको सुभद्रा राहत होती.

ती गेली त्याचे कारणही टाकीच होते. दिवाळीच्या पाडव्याला सुभद्रा नवे लुगडे नेसून, ताटात पेटती निरांजन घेऊन ओवाळायला आली, तेव्हा महादेवराव मोटारीखाली होते आणि टाकीचे बूच उघडे होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. तिने दोन घटका वाट पाहिली आणि मग पायांनाच ओवाळायला वाकली. महादेवरावांना आधी निरांजन दिसली, मग बायको दिसली, आणि ते होते नव्हते तेवढ्या बळाने ओरडले, की तो दिवा घेऊन आताच्या आता चालती हो. अंगणात मोटारीचे तेव्हाचे चार भागीदार उभे होते. सुभद्रा ताट घेऊन चालती झाली. आधी स्वयंपाकघरापर्यंत, आणि संध्याकाळच्या आगगाडीने सुर्जीपर्यंत.

आपले चुकले नाही, हे महादेवरावांनी तेरा वर्षांत कितीतरी जणांना पटवून दिले होते. उघड्या टाकीजवळ दिवा आणू नये, हे कोणीही मान्य करी. त्यामुळे त्यांची बाजू भक्कम होती आणि घर रिकामे होते.

ते रोज अंजनगावला जात. स्टँडवर मोटार नेहमी सुर्जीकडे तोंड करून उभी करीत. सुर्जीहून फुले आणणाऱ्या मनकर्णाबाईला ते रोज विचारीत, की तुमच्याकडे विहिरींना पाणी कसे आहे. मनकर्णाबाई शहाणी होती. ती म्हणे, पाणी बरे आहे, मधे दोन दिवस ताप होता, आता जेवते. पण नदी ओलांडून जायचा विषय निघाला, की महादेवराव काडी काढून दाखवीत. पेट्रोल मोजून घेतलेले असते. जाण्याएवढे आणि येण्याएवढे. सुर्जीत गेलो तर परतीला खोलापुरात बसावे लागेल. पायी नदी ओलांडता आली असती, रेल्वेनेही जाता आले असते. पण पायी किंवा रेल्वेने गेलेला माणूस मुद्दाम गेल्यासारखा दिसतो. मोटारीने गेलेला वाटेवरचा असतो.

आठ महिन्यांपासून विहिरींची बातमीही बंद होती.

सहदेवने टाकीचे पट्टे सैल केले, खांदा लावून तिला उचलू पाहिले आणि पुन्हा खाली टेकवली.

"भाऊ, हे रिकामी नाई."

महादेवरावांनी काडी दाखवली. सहदेवने काडीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने टाकीवर बोटाचे पेर वाजवले, वरून खालपर्यंत, जसे कलिंगड वाजवतात तसे. मग दुसरे पिंप खाली सरकवले आणि तळाचे बूच पान्याने फिरवले.

पेट्रोल बोटाएवढ्या धारेने येऊ लागले. येतच राहिले. पहिल्या पिंपात होते त्याहून जास्त झाले तेव्हा कुठे धार बारीक झाली, आणि शेवटी गंजाचे लाल पाणी ठिबकले.

सहदेवने टाकीच्या तोंडातून हात घालून ती आतून चाचपली आणि हसू दाबत हात बाहेर काढला. भरायच्या तोंडाच्या नेमके खाली, आत एक पत्र्याची पायरी होती. काडी घातली की ती पायरीवर टेके. नळीही तिथेच टेकली होती. टाकीचा खरा तळ वीतभर खाली होता.

"तेरा वर्सं तुमी पायरी मोजून राहिले," सहदेव म्हणाला. "तळ कधी पाह्यलाच नाई."

 महादेवरावांनी काडी एका पिंपाजवळ धरली, मग दुसऱ्याजवळ. मग ती उलटी धरून पाहिली, जणू खालच्या बाजूला कोणी आणखी एक गाव कोरून ठेवले असावे. म्हणजे रोज, परतीचे सगळे धरूनही, नदी ओलांडण्यापुरते पेट्रोल टाकीत होते. चार-पाच हजार वेळा होते.

ते पिंपावर वाकले. पेट्रोलात स्वतःचे तोंड नीट दिसत नाही, ते हलते.

"सहद्या," ते म्हणाले, "टाकी परत बसव."

सहदेवने हिशेब विचारला. दोन्ही पिंपे मिळून एकेरी वाट होईल, परतीचे काय, आणि सोमवारी जिनवाल्याला काय सांगायचे. महादेवराव म्हणाले, जिनवाल्याला बैल आहेत. जिथे मोटार असेल तिथून न्यावी.  त्यांनी धोतराचा सोगा चौपदरी केला, टाकीच्या तोंडावर धरला, आणि काढलेला प्राण गाळून पुन्हा आत ओतला.

आठ महिन्यांनी मोटार रस्त्यावर दिसली तेव्हा वलगावला माणसे हात वर करून धावली. महादेवरावांनी थांबवली नाही. ओझे म्हणजे पेट्रोल. खोलापूर मागे पडले. दर्यापूरला ओळखीच्या पानवाल्याने पान पुढे केले, ते त्यांनी चालत्या मोटारीतून घेतले आणि खायचे विसरून हातातच धरले. काय बोलायचे ते त्यांनी वाटेत तीन वेळा जुळवले. पहिल्या जुळणीत निरांजनीच्या ज्योतीपासून टाकी किती दूर हवी याचे विवेचन होते. दर्यापूरनंतर ते गळाले. अंजनगावच्या स्टँडवर पोचेपर्यंत फक्त एक वाक्य उरले होते, की मी तुला जा म्हटले नव्हते, दिव्याला म्हटले होते. तेही त्यांना आता फारसे पटत नव्हते.

फाल्गुन होता. शहानूर पोटरीएवढी होती. मोटार पाण्यातून गेली, वाळूत रुतू की नको असे करीत काठ चढली, तीनदा खोकली आणि तिसऱ्या घरासमोर आली तेव्हा आपण होऊनच बंद पडली. महादेवरावांनी ब्रेक लावला. त्याची गरज नव्हती.

सुभद्रा ओट्यावर सूप घेऊन बसली होती. केस कानांवर पांढरे झाले होते. ती उठली, पदर सारखा केला, आणि आधी मोटारीकडे, मग त्यांच्याकडे पाहिले. तेरा वर्षांत तिने हे पाहणे मनात कितीदा करून ठेवले असेल, कोण जाणे. कुठे अडखळली नाही.

महादेवराव खाली उतरले. हातातले पान कोमेजले होते. ते मागे लपवून त्यांनी घसा खाकरला.

"सुभद्रे, म्या त्या दिशी..."

"अवं," ती म्हणाली, "थे मोटार जराशी मांगं घ्या नं. चाकाखाली माह्या मिरच्या हायेत."